डिंभ्याचे पाणी, वर्सोव्याचे शास्त्र आणि मासळीचा हक्क

अंधेरीच्या पश्चिमेला सात बंगल्याजवळून जाणाऱ्या एका रस्त्याला फिशरीज युनिव्हर्सिटी रोड असे नाव आहे. त्या रस्त्याला हे नाव देणारी केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था १९६१ साली मुंबईत स्थापन झाली. राज्याराज्यांच्या मत्स्य खात्यांतील अधिकाऱ्यांना शिकवून तयार करणे, हे तिचे सुरुवातीचे काम. १९७९ मध्ये ती भारतीय कृषी अनुसंधान परिषदेकडे गेली आणि १९८९ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तिच्या शेजारीच वर्सोव्याचा कोळीवाडा आहे. तेथे मासळीचे ज्ञान जन्माबरोबर येते. संस्थेत ते परीक्षा देऊन मिळवावे लागते. एक ज्ञान जातीचे, दुसरे पदवीचे. या दोन्हींच्या बाहेर जी माणसे आहेत, ज्यांची जात मच्छिमाराची नाही आणि ज्यांच्यापाशी पदवीही नाही, पण ज्यांच्या भाताच्या खाचरांवर आज पन्नास-साठ फूट पाणी उभे आहे, त्यांचे काय, हा या लेखाचा विषय आहे.

धरणांचे इतिहास आपल्याकडे ठरावीक पद्धतीने लिहिले जातात. भूमिपूजन कोणी केले, भिंत किती उंच, साठा किती टीएमसी, भिजलेले क्षेत्र किती, कारखाने किती उभे राहिले. विस्थापितांसाठी एखादे प्रकरण राखून ठेवतात. तेही बहुधा मोबदल्याच्या आकड्यांचे असते. त्या पाण्यात जगणाऱ्या मासळीचा मालक कोण, हा प्रश्न या इतिहासांना पडलेला दिसत नाही. वास्तविक तो लहान प्रश्न नाही. व्ही. व्ही. सुगुणन यांनी १९९५ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेसाठी भारतातील जलाशयांच्या मासेमारीचा जो आढावा लिहिला, त्यात देशातील जलाशयांचे क्षेत्र सुमारे साडेएकतीस लाख हेक्टर धरले होते आणि सरासरी उत्पन्न हेक्टरी अवघे २० किलो. मोठ्या जलाशयांत तर ते ११ किलोंच्या आसपास होते. एवढे पाणी आणि एवढी थोडी मासळी! सरकारी दफ्तराने या दारिद्र्याचे कारण तंत्रज्ञानाच्या अभावात शोधले. ते अर्धे खरे होते.

पाण्याचा प्रश्न आमच्या चळवळीला नवा नाही. १९२३ साली मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तो आपल्यापुरता स्वीकारला, आणि तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो माणसांसह चवदार तळ्याच्या पायऱ्या उतराव्या लागल्या. उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १७ मार्च १९३७ उजाडला. ओंजळभर पाण्याला दहा वर्षे. परंतु बाबासाहेबांच्या जीवनातले पाणी महाडला संपत नाही, हे आपल्याही कार्यकर्त्यांच्या ध्यानात पुष्कळदा राहत नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याबरोबर पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्यांच्याकडे होते. ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्याला दामोदर खोऱ्याविषयी आणि ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटकला ओरिसाच्या नद्यांविषयी त्यांनी परिषदा घेतल्या. नदी तुकड्यातुकड्यांनी न पाहता अख्खे खोरे एक धरावे आणि एकाच धरणातून पूरनियंत्रण, सिंचन, वीज व जलवाहतूक असे अनेक हेतू साधावेत, ही भूमिका त्या परिषदांतून मांडली गेली. गरिबी हटवायची तर पाणी साठवले पाहिजे, यावर त्यांचा विश्वास होता. धरणाला नुसता विरोध म्हणजे पुरोगामीपणा, असे मानणाऱ्यांनी हे वाचले पाहिजे. आणि धरण म्हणजेच विकास असे म्हणणाऱ्यांनी १९४७ चे ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ वाचले पाहिजे. कारण त्यात शेतजमीन राज्याच्या मालकीची करून ती जातपात न पाहता गावातील लोकांना सामुदायिकरीत्या कसायला द्यावी, अशी मागणी आहे. जमिनीला लावलेले हे सूत्र धरणाच्या पाण्याला कोणी लावून पाहिले नाही. पाणी राज्याच्या मालकीचे झाले खरे, पण सूत्राचा दुसरा अर्धा भाग गळून पडला.

पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यात घोड नदीवर डिंभे धरण आहे. कुकडी प्रकल्पातल्या पाच धरणांपैकी ते एक. साठा सुमारे साडेतेरा टीएमसी. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळाले ते गावच या पाण्याखाली गेले. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूचे नाव दिलेले आहे. बाबू गेनू याच तालुक्यातल्या म्हाळुंगे पडवळचा, मुंबईत गिरणीत राबणारा; १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाच्या ट्रकपुढे तो काळबादेवीला मेला. डोंगरात पोट भरत नाही म्हणून मुंबईची वाट धरणाऱ्या माणसाचे नाव ज्या पाण्याला दिले, त्या पाण्याने आणखी किती घरांना तीच वाट धरायला लावली, याची नोंद कोणत्या कोनशिलेवर नाही. धरणातून निघालेले पाणी खाली शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्याकडे जाते. तेथे उसाचे मळे झाले. वर, काठावर, महादेव कोळी आणि कातकरी राहिले.

येथे एका नावाने होणारा घोटाळा दूर केला पाहिजे. महादेव कोळी म्हणजे वर्सोव्याचे कोळी नव्हेत. ते डोंगरातले शेतकरी. भात, नाचणी, वरई पिकवणारे, हिरडा गोळा करून विकणारे. होडी त्यांच्या घरात नव्हती. कातकऱ्यांना ओढ्यातली, डोहातली मासळी ठाऊक होती, पण विस्तीर्ण जलाशयात टाकायचे जाळे त्यांच्याही ओळखीचे नव्हते. धरणाने त्यांची जमीन नेली आणि बदल्यात दारात अफाट पाणी आणून ठेवले. या पाण्याचे करायचे काय हे त्यांना कोणी सांगितले नाही; त्यावर तुमचा अधिकार आहे की नाही हेही सांगितले नाही.

महाराष्ट्राने १९७६ साली प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. पुढे १९८६ आणि १९९९ मध्ये त्याची नवी रूपे आली. कायद्याचा सारा भर जमिनीवर आणि गावठाणावर. म्हणजे ज्याच्या नावावर सातबारा, तो आधी विस्थापित. ज्याच्या नावावर काही नाही तो जणू त्या गावात राहतच नव्हता. कातकऱ्याची हीच गत आणि महारवाड्याचीही बहुतेक ठिकाणी हीच. महार वतने १९५८ च्या कायद्याने खालसा झाली. वतनी जमीन पुन्हा नावावर करून घ्यायची तर सरकारात रक्कम भरायची होती. ज्यांनी ती भरली नाही, किंवा ज्यांचे कागद तलाठ्याच्या दप्तरात अडकले, त्यांच्या हातात धरणाची नोटीस आली तेव्हा दाखवायला काय होते? पिढ्यान्‌पिढ्या गावकी केली, मेलेली ढोरे ओढली, सांगावे पोचवले. त्याचा सातबारा निघत नाही.

उरली मासळी. आणि मासळीच्या बाबतीत राज्याने दोनच वाटा ठेवल्या. एक महसुलाची: जलाशयाचा ठेका द्यायचा, वर्षाची रक्कम वसूल करायची. दुसरी पारंपरिक धंद्याची: मच्छिमारांच्या सहकारी संस्थांना अग्रक्रम द्यायचा. पहिल्या वाटेवर पैसेवाला पुढे जातो. दुसऱ्या वाटेवर ज्यांची जात मासे मारणारी म्हणून ओळखली जाते ते भोई, ढीवर, कोळी पुढे असतात. त्यांचा हक्क नाकारण्याचे कारण नाही. तेही कष्टकरीच आहेत, आणि भंडारा-गोंदियाच्या तळ्यांवर ढिवरांनी ठेकेदारीखाली काय सोसले ते त्यांनाच माहीत. पण जातीचा धंदा हाच हक्काचा पाया धरला, की ज्याला व्यवस्थेने कोणताच मानाचा धंदा ठेवला नाही त्याने कोणता दाखला आणायचा? वर्णव्यवस्था सहकारी कायद्याच्या पोटात अशी शिरते. कोणी दुष्टपणाने शिरवली असे नव्हे, ती आपोआप शिरते.

आणि ठेका मिळाला तरी पाण्यात मासळी हवी. येथे शास्त्राचा भाग येतो, आणि तो थोडा तपशिलाने सांगणे भाग आहे. कारण कार्यकर्ते हक्काविषयी बोलतात आणि बियाण्याविषयी अडाणी राहतात.

कटला, रोहू, मृगळ हे आपल्याकडचे मोठे मासे साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना वाहत्या नदीचा पूर लागतो. म्हणून पूर्वी गंगेच्या खोऱ्यात पुराच्या दिवसांत नदीतून जिरे गोळा करीत आणि हावड्याहून रेल्वेने देशभर पाठवीत. वाटेत किती मरत आणि जिवंत राहिलेल्यांत नको ते मासे किती निघत, याचा नेम नसे. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधुरी यांनी ओरिसातील अंगुल येथे माशांना मस्तिष्क ग्रंथीचा अर्क टोचून त्यांची अंडी घेण्यात यश मिळवले. त्यानंतर बीज हवे तेथे तयार होऊ लागले. शेतीतल्या संकरित बियाण्याइतकीच ही मोठी घटना आहे; पण शाळेच्या पुस्तकात तिला जागा नाही.

अंड्यातून निघते ते मत्स्यजिरे. ते वाढून बीज होते, मग अर्धबोटुकली, मग बोटाएवढी बोटुकली. तळ्यात लहान बीज सोडले तरी चालते, कारण तळे आधी उपसून, नको ते मासे काढून तयार करता येते. साडेतेरा टीएमसीचा जलाशय कोण उपसणार? त्यात मरळ आहे, शिवडा आहे. बारीक बीज सोडले तर ते मोठ्या माशांचे भक्ष्य होते. म्हणून जलाशयात निदान ८० ते १०० मिलिमीटर लांबीची बोटुकली सोडावी, असे शास्त्र सांगते. आता अडचण अशी, की बोटुकली दूरच्या केंद्रावरून आणायची तर प्राणवायू भरलेल्या पिशवीत बीज शेकड्यांनी मावते तेथे बोटुकली थोडकीच मावते. भाडे वाढते, घाटात मर होते. डोंगरातल्या संस्थेला हे परवडत नाही. मग ती बारीक बीज सोडते, ते खाल्ले जाते, उत्पन्न येत नाही, ठेक्याची रक्कम थकते आणि संस्था निकम्मी म्हणून पाणी बाहेरच्या धनवंताकडे जाते. एवढ्या साध्या साखळीने कितीतरी सहकारी संस्था मोडतात. दोष मात्र आदिवासींच्या आळसाला दिला जातो.

कमी खर्चाचा पिंजरा ही साखळी मधेच तोडतो. पिंजऱ्यात मासे वाढवण्याची रीत फार जुनी. कंबोडियातल्या मोठ्या सरोवरावर आणि मेकाँगवर कोळी लोक बांबूच्या पिंजऱ्यात जिवंत मासे घालून तो होडीमागे ओढत बाजाराला नेत. वाटेत उरलेसुरले खाऊन मासे वाढत. भारतात १९७० च्या दशकात केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेने अलाहाबादला गंगा-यमुनेच्या पाण्यात प्रयोग केले. कर्नाटकातल्या साठलेल्या पाण्यातही ते झाले. पण प्रयोग आणि व्यवहार यांत अनेक वर्षे गेली. गरिबाच्या हाती देण्याजोगा पिंजरा म्हणजे काय? बांबूची किंवा नळ्यांची चौकट, तरंगायला रिकामे पिंप, खाली गाठ नसलेल्या नायलॉनच्या बारीक जाळीची पिशवी, तिच्या कोपऱ्यांना दगड आणि सगळे जागेवर राहावे म्हणून नांगर. वारा कमी असलेली खाडीसारखी जागा निवडायची. जाळीच्या तळाखाली मोकळे पाणी राहिले पाहिजे. पावसाळ्यात जिरे किंवा बीज आणून आत सोडायचे, दोन-तीन महिने भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड घालायची. शेवाळ धरून जाळीची भोके बुजतात, म्हणून ती पुनःपुन्हा घासावी लागते. खेकडा जाळी कुरतडतो. एक भोक पडले की सारे बीज गेले. तेव्हा रोज होडी घालून जायचे, हाताने चाचपायचे, फाटले तर शिवायचे. बोटुकली तयार झाली की त्याच पाण्यात मोकळी करायची. वाहतूक नाही, मर नाही.

यात जातीचे गुपित कोणते आहे? एकही नाही. समुद्राचा वारा ओळखायला पिढ्या लागतात. पिंजऱ्याची जाळी घासायला आणि पेंड मोजून टाकायला निष्ठेने शिकलेली चार-सहा महिने पुरतात. म्हणूनच ही गोष्ट निव्वळ मत्स्यशास्त्राची नाही. ज्ञान जन्माने मिळते की शिकून, या आपल्या जुन्या वादात हा पिंजरा एक बाजू घेऊन उभा आहे.

डिंभ्याच्या काठावर हे घडले. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ संस्थेने १९८० च्या दशकापासून तेथल्या विस्थापितांबरोबर काम केले. पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीत गाळपेराचे पीक घेणे, पडकईच्या रीतीने एकमेकांना हात देत डोंगरउतारावर भाताची खाचरे बांधणे, हे सारे त्यात आले. आणि मासेमारीही आली. महादेव कोळी आणि कातकरी यांची मच्छिमार सहकारी संस्था उभी राहिली. मग अंधेरीच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेतले शास्त्रज्ञ सह्याद्रीच्या पायथ्याशी आले आणि जलाशयातच पिंजरे बांधून बीजाची बोटुकली करण्याचे काम तेथल्या माणसांच्या हातांनी सुरू झाले. अधिकारी घडवण्यासाठी काढलेल्या संस्थेचे शास्त्र, ज्याचे नाव सातबाऱ्यावरही नव्हते अशा कातकऱ्यापर्यंत पोचले. २०१२ साली ‘शाश्वत’ला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. पारितोषिकाने पोट भरत नाही, पण मासे न मारणाऱ्या जमातीला मासेमारी जमणार नाही, या तर्काचे उत्तर त्यात नोंदले गेले.

याचा अर्थ डिंभ्याला सुराज्य आले असा कोणी करू नये. पिंजरा ज्या पाण्यावर तरंगतो त्याची पातळी पिंजरेवाल्याच्या हाती नसते. धरणातून आवर्तन केव्हा आणि किती सोडायचे, हा हिशेब उसाच्या पाळीप्रमाणे होतो. उन्हाळ्यात पाणी झपाट्याने उतरते, पिंजरे ओढत ओढत खोल पाण्याकडे न्यावे लागतात आणि मासळी मृतसाठ्यात गोळा होते. सरकारी भाषेत ज्याला मृतसाठा म्हणतात त्यावरच काठावरची माणसे जगतात. शिवाय ठेक्याला मुदत असते. मुदतीचा हक्क हा हक्क नसतो, सवलत असते.

याचे कडू उदाहरण मध्य प्रदेशात घडले आहे. तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यातल्या तवा धरणाने ४४ गावांतले गोंड आणि कोरकू उठवले. केसल्याच्या किसान आदिवासी संघटनेने वर्षानुवर्षे लढा दिल्यावर १९९६ च्या अखेरीस मासेमारी विस्थापितांच्या तवा मत्स्य संघाकडे आली. दहा वर्षे त्यांनी ती ठेकेदारापेक्षा चांगली चालवली. मासळी वाढली, मजुरी वाढली, बीजही नेमाने सोडले गेले. २००६ च्या डिसेंबरात मुदत संपली आणि ती पुढे वाढवली गेली नाही. आता ते पाणी वन्यजीवांसाठी राखीव, असे सांगण्यात आले. ज्यांना आधी धरणासाठी उठवले त्यांना नंतर वाघासाठी पाण्यावरून उठवले. कार्यक्षमता सिद्ध करा म्हणजे हक्क मिळेल, असे आमच्या तरुणांना सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांना तवा दाखवावा.

दरम्यान पिंजराही बदलला. २०११ नंतर केंद्राच्या योजनांतून जलाशयांत पिंजऱ्यांच्या रांगा उभ्या राहू लागल्या. झारखंडमध्ये चांडील धरणाच्या विस्थापितांच्या संस्थेने त्या घेतल्या, ही चांगली गोष्ट झाली. पण हा पिंजरा बोटुकलीचा नव्हे. यात पंगस किंवा सुधारित तिलापिया विकण्याएवढा मोठा करायचा, तोही कारखान्यातले खाद्य घालून. २०२० साली आलेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत एका पिंजऱ्याचा खर्च ३ लाख रुपये धरला गेला. सर्वसाधारण गटाला ४० टक्के, अनुसूचित जाती, जमाती आणि स्त्रियांना ६० टक्के साहाय्य. ऐकायला बरे वाटते. पण उरलेले १ लाख २० हजार एका पिंजऱ्याचे, आणि एका पिंजऱ्याने धंदा होत नाही. त्यावर खाद्य, या धंद्यात खर्चाचा निम्म्याहून मोठा वाटा खाद्याचाच असतो. कातकऱ्याला कोणती बँक हे देते? मग अनुदान त्याच्या नावाचे, पैसा दुसऱ्याचा आणि तो स्वतःच्याच पिंजऱ्यावर रोजंदारीचा राखणदार, अशी तिसरी अवस्था येते. जमिनीच्या बाबतीत हा खेळ आपण पाहिलेला आहे. परक्या माशांचे भयही खोटे नाही. उजनीच्या जलाशयात चिलापीने काय केले ते भीमेकाठच्या भोयांना विचारावे. बांबूचा पिंजरा आणि लोखंडी रांग यांना एकाच शब्दाने ओळखले जाते. पहिला साऱ्या जलाशयाचे उत्पन्न वाढवतो आणि ते जाळे टाकणाऱ्या सर्वांत वाटले जाते. दुसरा जलाशयाचा एक तुकडा एकाच्या नावे बांधून देतो.

मुंबईच्या उपनगरांतल्या वाचकांना डिंभे, तवा ही नावे लांबची वाटतील. त्यांच्या अंगणातच पवई आहे. विहार १८६० चे, तुळशी १८७९ चे आणि पवई त्यानंतरचे. पवईचे पाणी पिण्याजोगे राहिले नाही, पण तेथे गळ टाकून बसणाऱ्या हौशी मंडळींची संघटना १९३० च्या दशकापासून आहे. भोवतीच्या पाड्यांवरचे आदिवासी याच डोंगरांत त्या तलावांच्याही आधीपासूनचे. हौसेला संघटना आणि क्लब मिळाला. पाड्याला काय मिळाले, हे आरे-पवईच्या शाळांतल्या शिक्षकांनी मुलांना घेऊन एकदा लिहून काढावे.

आणि भातसा. घाटकोपर, भांडुप, मुलुंडच्या वस्त्यांत नळाला जे येते त्यातला फार मोठा भाग शहापूर तालुक्यातल्या या धरणाचा. ते मूळचे पाटबंधाऱ्याचे धरण. पिसे-पांजरापूरहून त्याचे पाणी मुंबईला येते. वस्तीतल्या माणसाला त्या नळासाठीही न्यायालयात जावे लागले. अनधिकृत झोपडीत राहतो म्हणून पाणी नाकारता येणार नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले ते डिसेंबर २०१४ मध्ये. शहापूरच्या काठावर ठाकूर, कातकरी, महादेव कोळी आणि बौद्ध वाड्या आहेत. तेथल्या जलाशयांचे ठेके आजवर कोणाकोणाच्या नावे होते, संस्थांचे सभासद कोण, त्यांत बुडालेल्या गावांतले किती, बीज कोठून आले आणि किती लांबीचे सोडले, याची कागदपत्रे ठाण्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात असतात. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. कसाऱ्याची लोकल घाटकोपर-मुलुंडवरूनच जाते आणि आसनगावला उतरून शहापूर गाठता येते.